मनाई असूनही दहा वेळा : टॉमी रॉबिन्सनच्या कोर्ट-अवमानाचं प्रकरण

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी लंडनच्या वुलिच क्राउन कोर्टात न्यायमूर्ती जॉन्सन यांनी स्टीफन याक्स्ली-लेनन याला १८ महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. लोक त्याला टॉमी रॉबिन्सन या नावाने ओळखतात. २००९ मध्ये उभ्या राहिलेल्या इंग्लिश डिफेन्स लीग या कडव्या उजव्या, इस्लामविरोधी संघटनेच्या संस्थापकांपैकी तो एक. या खटल्यात त्याच्यावर मारामारीचा, चोरीचा किंवा दंगलीचा आरोप नव्हता. न्यायाधीशांना त्याने शिवीगाळ केली, असंही कोणी म्हटलेलं नव्हतं. एका मुलाविषयी ठरावीक गोष्टी पुन्हा बोलायच्या नाहीत, असं कोर्टाने त्याला २०२१ मध्ये लेखी बजावलं होतं. तो त्या बोलला. एकदा नव्हे, दहा वेळा, आणि दहाही वेळा बोलल्याचं त्याने कोर्टात कबूल केलं.

कोर्टाचा अवमान म्हटलं की आपल्याकडे पहिला विचार न्यायाधीशांच्या मानापमानाचा येतो. या प्रकरणात तो विचार बाजूला ठेवावा लागतो. इथे प्रश्न होता एका मुलाने लढून मिळवलेल्या निकालाला काही किंमत उरणार की नाही, हा.

ऑक्टोबर २०१८ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड इथल्या एका शाळेच्या मैदानावर सीरियातून निर्वासित म्हणून आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या एका मुलाने खाली पाडलं आणि त्याच्या तोंडावर पाणी ओतलं. त्या वेळी त्याचा हात प्लास्टरमध्ये होता. कोणीतरी त्याचं चित्रीकरण केलं. नोव्हेंबरच्या अखेरीस ते समाजमाध्यमांवर पसरलं आणि देशभर हळहळ व्यक्त झाली. नेमक्या त्याच दिवसांत रॉबिन्सनने फेसबुकवर दोन व्हिडिओ टाकले. हा मुलगा वाटतो तितका निष्पाप नाही, तो शाळेतल्या इंग्रज मुलींवर हिंसक हल्ले करतो, असं त्यात म्हटलेलं होतं. हे व्हिडिओ जवळपास दहा लाख लोकांपर्यंत पोचले.

मार खाणारा मुलगा रातोरात हल्लेखोर ठरला. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, घरच्यांना राहतं ठिकाण सोडावं लागलं, शिक्षणाची घडी विस्कटली. या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा रॉबिन्सनच्या भाषणस्वातंत्र्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते. ती या मुलापासून सुरू व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं, कारण पुढचा प्रत्येक कायदेशीर टप्पा त्याच्याच जखमेवरून जातो.

मुलाने अब्रूनुकसानीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्यात प्रतिवादी ‘मी म्हटलं ते खरं आहे’ असा बचाव घेऊ शकतो, पण मग ते खरं असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच्याच अंगावर येते. रॉबिन्सनने हाच बचाव घेतला आणि स्वतःच आपली बाजू मांडली. एप्रिल २०२१ मध्ये उच्च न्यायालयात सुनावणी झाली, साक्षीदार तपासले गेले. २२ जुलै २०२१ रोजी न्यायमूर्ती निकलिन यांनी निकाल दिला: आरोपांचा खरेपणा सिद्ध झालेला नाही, प्रतिवादीच्या भाषेने आग भडकवण्याचंच काम केलं, आणि मुलाच्या आयुष्यावर, विशेषतः शिक्षणावर, उमटलेले काही व्रण कदाचित जन्मभर राहतील. नुकसानभरपाई ठरली १ लाख पौंड. शिवाय खटल्याचा खर्च, ज्याचा आकडा ५ लाख पौंडांच्या घरात सांगितला गेला. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मनाईहुकूम: हे आरोप प्रतिवादीने पुन्हा प्रसिद्ध करायचे नाहीत, दुसऱ्याकडून करवून घ्यायचेही नाहीत.

रॉबिन्सनने या निकालाविरुद्ध अपील केलं नाही. हे लक्षात ठेवायला हवं. ‘मला गप्प केलं’ ही तक्रार त्याने पुढे वर्षानुवर्षं केली, पण निकाल चुकीचा आहे असं वरच्या कोर्टाला सांगण्याचा रस्ता उघडा असताना तो त्या रस्त्याने गेला नाही.

आता पैशाचं बघू. निकालाच्या आधीच, मार्च २०२१ मध्ये, त्याने दिवाळखोरी जाहीर केली होती. वसुलीच्या प्रयत्नात मुलाच्या वकिलांनी त्याला आर्थिक परिस्थितीची माहिती देण्यासाठी कोर्टात बोलावून घेतलं. मार्च २०२२ च्या तारखेला तो आलाच नाही आणि त्याबद्दलही तो अवमानाचा दोषी ठरला. ९०० पौंड दंड झाला. नंतर आला तेव्हा जुगारात सुमारे १ लाख पौंड घालवल्याचं त्याने सांगितलं. कागदावर लाख पौंड जिंकलेल्या मुलासमोर कोर्टाने दिलेलं खरंखुरं संरक्षण एकच उरलं: तो मनाईहुकूम. हे आरोप तो माणूस निदान पुन्हा करणार नाही, एवढीच काय ती शाश्वती. म्हणून मनाईहुकूम मोडला जाणं ही या प्रकरणात तांत्रिक बाब नव्हती. जिंकलेल्या दाव्यातली उरलीसुरली गोष्टही हिसकावून घेण्याचा तो प्रकार होता.

मोडतोड सुरू झाली फेब्रुवारी २०२३ पासून. कधी मुलाखतीत, कधी ऑनलाइन प्रक्षेपणात तेच आरोप परत आले. मग त्याच दाव्यावर बेतलेला एक माहितीपट आला. खटल्यात सिद्ध करता न आलेली गोष्ट त्यात प्रेक्षकांसमोर पुन्हा मांडलेली होती आणि कोर्टानेच सत्य दाबलं असा सूर होता. समाजमाध्यमांवर तो लाखो वेळा पाहिला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ट्विटरवरचं, म्हणजे तोवर एक्स झालेल्या मंचावरचं, त्याचं बंद झालेलं खातं पुन्हा सुरू झालं होतं, त्यामुळे पोच पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली होती.

जून २०२४ मध्ये सॉलिसिटर जनरलच्या वतीने अवमानाची पहिली कारवाई दाखल झाली. सुनावणीची तारीख होती २९ जुलै. त्याच्या दोनच दिवस आधी, २७ जुलैला, लंडनच्या ट्रफाल्गर चौकात हजारो लोकांच्या सभेत रॉबिन्सनने तोच माहितीपट मोठ्या पडद्यावर लावला आणि दुसऱ्या दिवशी देश सोडला. ऑगस्टमध्ये दुसरी कारवाई दाखल झाली आणि ट्रफाल्गर चौकातला प्रसंग तिच्यात आला.

इथे थोडं थांबून कारवाई कोणी केली ते पाहायला हवं. दिवाणी मनाईहुकूम मोडला की एरवी ज्याच्या बाजूने हुकूम आहे त्यानेच कोर्टात जावं, असा रिवाज आहे. म्हणजे ज्याला त्रास झाला त्यानेच पुन्हा वकील करायचा, पुन्हा कागद गोळा करायचे, पुन्हा त्या माणसासमोर उभं राहायचं. ज्याच्या हाती भरपाईचा पैसा पडलेला नाही, अशा मुलाकडून ही अपेक्षा करणं क्रूरपणाचं ठरलं असतं. सॉलिसिटर जनरल हे सरकारचे कायदा अधिकारी. सार्वजनिक हितासाठी ते अशी कारवाई हाती घेऊ शकतात, आणि इथे त्यांनी ती घेतली. या प्रकरणातली मला सर्वांत योग्य वाटलेली गोष्ट हीच. कोर्टाचा हुकूम पाळला जातो की नाही, याची काळजी वाहण्याचा बोजा पीडिताच्या खांद्यावर असू नये.

पण उशीर झाला, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटलं पाहिजे. पहिलं उल्लंघन फेब्रुवारी २०२३ चं, शिक्षा ऑक्टोबर २०२४ ची. मधल्या वीस महिन्यांत ते आरोप किती पडद्यांवर उमटले याचा हिशेब कोणी ठेवू शकणार नाही. मनाईहुकूम त्या माणसाला बांधतो. त्याने सोडलेली चित्रफीत पुढे हजारो लोक आपापल्या खात्यांवरून फिरवत राहिले तर त्यातला बहुतेक भाग परत गोळा करता येत नाही. अशा प्रकरणांत पहिल्या आठवड्यात घातलेला लगाम आणि दुसऱ्या वर्षी दिलेली कैद यांची किंमत एकसारखी नसते.

उशिराचं एक कारण मात्र समजून घेण्यासारखं आहे, आणि त्यासाठी याच माणसाच्या आधीच्या प्रकरणाकडे जावं लागतं. २५ मे २०१८ रोजी त्याने लीड्स क्राउन कोर्टाच्या बाहेर उभं राहून, आत सुरू असलेल्या खटल्यातल्या आरोपींचं फेसबुकवर थेट प्रक्षेपण केलं. त्या खटल्याच्या वार्तांकनावर बंदी होती, ज्युरीवर परिणाम होऊन अख्खा खटला कोसळण्याचा धोका होता. न्यायाधीशांनी त्याला त्याच दिवशी, काही तासांच्या आत, १३ महिन्यांसाठी तुरुंगात पाठवलं. त्यातले तीन महिने कँटरबरीच्या कोर्टातल्या २०१७ च्या अशाच प्रकाराबद्दल आधी स्थगित ठेवलेल्या शिक्षेचे होते. ऑगस्ट २०१८ मध्ये अपील न्यायालयाने लीड्सचा तो निर्णय रद्द केला. आरोप नेमके काय आहेत ते नीट मांडलेलं नव्हतं, बचावाला वेळ दिलेला नव्हता, घाई झाली होती. प्रकरण नव्याने चाललं आणि जुलै २०१९ मध्ये दोन न्यायाधीशांसमोर तो पुन्हा दोषी ठरला. एकूण नऊ महिन्यांची शिक्षा झाली, त्यातून आधी भोगलेले दिवस वजा झाले.

त्या रद्द झालेल्या निकालाने त्याच्या समर्थकांना ‘बघा, अन्याय झाला’ म्हणायला जागा दिली. अवमानाच्या कारवाईत ज्याला शिक्षा होणार आहे तो माणूस कितीही उद्धट असो, त्याच्यावरचा प्रत्येक आरोप तारीखवार, शब्दवार मांडावाच लागतो. इंग्लंडमध्ये अवमान दिवाणी असला तरी पुरावा फौजदारी खटल्याइतकाच पक्का, वाजवी शंकेपलीकडचा लागतो. कारण १९८१ च्या कंटेम्प्ट ऑफ कोर्ट अॅक्टप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कोणाचं स्वातंत्र्य हिरावून घ्यायचं तर त्यापेक्षा कमी पुरावा चालत नाही. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: हुकूम काय होता, तो त्या माणसाला माहीत होता, आणि त्याने जे केलं ते त्या हुकुमाच्या शब्दांत बसतं. ‘त्याच्या वागण्याचा एकूण सूरच तसा आहे’ असं म्हणून भागत नाही.

२०२४ मध्ये ही शिस्त पाळली गेली. दहा उल्लंघनं, दहा वेगळ्या नोंदी: कुठे, कधी, काय बोललं किंवा काय प्रसिद्ध केलं, कशावर. रॉबिन्सन २९ जुलैला हजर नव्हता तेव्हा कोर्टाने वॉरंट काढलं, पण त्याची बजावणी ऑक्टोबरपर्यंत थांबवून त्याला स्वतःहून येण्याची संधी दिली. काहींना हे नमतं घेणं वाटलं. माझ्या मते ते शहाणपण होतं. लीड्सची घाई पुन्हा झाली असती तर हे प्रकरणही अपिलात अडकलं असतं आणि मुलाच्या पदरात पुन्हा काही पडलं नसतं. रॉबिन्सन परत आला, २५ ऑक्टोबरला फोकस्टन इथल्या पोलीस ठाण्यात हजर झाला, तिथून कोठडीत आणि तीन दिवसांनी कोर्टात.

त्याच्या वतीने मांडलेला मुद्दा असा होता की तो आपल्या तत्त्वासाठी उभा आहे, भाषणस्वातंत्र्यावर त्याची श्रद्धा आहे, जे सत्य वाटतं ते बोलल्याशिवाय त्याला राहवत नाही. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. सरकारविरुद्ध, पोलिसांविरुद्ध, न्यायालयाविरुद्धही कडवट बोलण्याचा अधिकार लोकशाहीत असतो आणि तो राखलाच पाहिजे. अवमानाच्या कायद्याने त्या अधिकाराचा गळा घोटल्याची उदाहरणं जगात कमी नाहीत. पण इथे ज्या गोष्टीला मनाई होती ती सरकारवरची टीका नव्हती. निर्वासितांविषयीच्या धोरणावर बोलायला त्याला कोणी रोखलं नव्हतं. निकलिन यांचा निकाल चुकला असं म्हणायलाही अपिलाचं दार होतं. रोखलं होतं ते फक्त एका ओळखीच्या, हयात, तरुण मुलाविषयीचे ठरावीक खोटे ठरलेले आरोप करण्यापासून. भरपूर पुरावा देण्याची संधी मिळाली, ती वापरली, ती अपुरी पडली. त्यानंतर तेच आरोप पडद्यावर लावणं हे मत मांडणं नसतं. हरलेला खटला प्रतिपक्षाच्या गैरहजेरीत, टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीपुढे पुन्हा चालवणं असतं. चौकातल्या त्या गर्दीत त्या आरोपांची उलटतपासणी घेणारा कोणी नव्हता आणि त्या मुलाची बाजू मांडणाराही नव्हता.

न्यायमूर्ती जॉन्सन यांनी ही उल्लंघनं नजरचुकीची किंवा निष्काळजीपणाची मानली नाहीत. ती ठरवून, आखून, उघडउघड केलेली होती आणि शक्य तितक्या लोकांपर्यंत पोचावीत अशा बेताने केलेली होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. कायद्यापेक्षा कोणी मोठा नाही. कोणता हुकूम पाळायचा आणि कोणता नाही, हे निवडण्याची मुभा कोणालाच नसते, हेही त्यांनी सांगितलं.

शिक्षेची रचना या निकालातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. १८ महिन्यांचे दोन तुकडे होते. १४ महिने जे घडून गेलं त्याची शिक्षा म्हणून. उरलेले ४ महिने दबाव म्हणून: स्वतःच्या ताब्यातल्या खात्यांवरून तो माहितीपट काढ, हुकूम पाळायला लाग, म्हणजे हे चार महिने माफ होऊ शकतात. फौजदारी शिक्षेत हे नसतं. चोराने चोरी परत केली म्हणून सुनावलेली शिक्षा न्यायाधीश पुढे कापत नाहीत. अवमानाच्या कैदेचा हेतू मात्र दुहेरी असतो, झाल्याबद्दल दंड आणि पुढे पालन, आणि दुसरा हेतू साधला तर कोर्ट हात सैल करू शकतं. तुरुंगाच्या किल्लीचा काही भाग कैद्याच्याच हातात दिलेला असतो.

आकड्यांत हे कसं उतरतं ते पाहण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये अवमानाच्या कैद्याला निम्मी मुदत भोगल्यावर बिनशर्त सोडतात. १८ महिने म्हणजे प्रत्यक्षात ९, म्हणजे सुटका जुलै २०२५ च्या अखेरीस. चार महिने माफ झाले तर १४ चे निम्मे ७, म्हणजे मे २०२५. दबावाचा तुकडा प्रत्यक्षात दोनच महिन्यांचा होता. एवढ्यासाठी कोणी हट्ट सोडेल का, अशी शंका कोणालाही आली असती.

सुरुवातीला त्याने तो सोडला नाही. वुडहिल तुरुंगात त्याला सुरक्षेच्या कारणावरून इतर कैद्यांपासून वेगळं ठेवलं होतं. त्याविरुद्ध तो उच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०२५ मध्ये हरला. मग या एकांताचा दाखला देत त्याने शिक्षाच कमी करून मागितली. १६ एप्रिलला अपील न्यायालयाने तेही फेटाळलं. तुरुंगातलं वेगळेपण माणसाला झिजवतं आणि त्याकडे कोर्टाने लक्ष द्यायलाच हवं. पण सुटकेचा सोपा रस्ता तोपर्यंत तसाच उघडा होता, आणि त्या रस्त्यावर कोणी अडवणारं नव्हतं.

अखेर मे महिन्यात तो त्या रस्त्याने गेला. हुकूम यापुढे पाळेन, पुन्हा मोडण्याचा हेतू नाही, मोडला तर काय होईल याची जाणीव आहे, अशी हमी त्याच्या वतीने दिली गेली. २० मे २०२५ रोजी न्यायमूर्ती जॉन्सन यांनी चार महिने माफ केले. त्यांनी पश्चात्तापाचं प्रमाणपत्र मात्र दिलं नाही. खेद किंवा पश्चात्ताप दिसत नाही, पण शिक्षेनंतर वृत्तीत बदल झालेला आहे, असं त्यांनी नोंदवलं. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. कोर्टाला त्या माणसाचं मन बदलायचं नव्हतं. मुलाविषयी त्याला आत काय वाटतं, हा कोर्टाचा विषयच नाही. त्याने ते बाहेर काढून पुन्हा लोकांच्या हाती द्यायचं नाही, एवढंच हवं होतं. माफीनाम्याची जबरदस्ती केली असती तर एक खोटं वाक्य मिळालं असतं आणि त्याच्या अनुयायांना आणखी एक गाऱ्हाणं. पालनाची हमी मागितली, तर तपासता येईल अशी गोष्ट मिळाली.

२७ मे २०२५ रोजी तो तुरुंगातून बाहेर आला. त्या मुलाचे लाख पौंड आणि खटल्याचा खर्च हा विषय अवमानाच्या शिक्षेने सुटला नाही; ती वसुली वेगळी, तिचा रस्ता वेगळा. कैद भोगली म्हणून मनाईहुकूमही संपलेला नाही. २०२१ चा हुकूम त्याच शब्दांत लागू आहे, आणि त्यानंतरचं कुठलंही उल्लंघन झालं तर ते नव्याने, स्वतंत्रपणे मोजलं जाईल. त्या वेळी कोर्टापुढे त्याने स्वतः कबूल केलेली दहा जुनी उल्लंघनंही असतील, आणि मे २०२५ मध्ये दिलेली हमीही.